‘बघू पुढे’ ते ‘ठरलंय’: मनातले बेत इंग्रजीत नेमके सांगण्यासाठी फ्रेझल व्हर्ब

इंग्रजीत पुढचं काही सांगायचं म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो, ‘विल’. आय विल गो, आय विल पोस्टपोन, आय विल कमेन्स. व्याकरण चुकत नाही, तरी ऐकणाऱ्याला दोन गोष्टी कळत नाहीत. बेत किती पक्का आहे? आणि त्या बेताचं तुम्ही नेमकं काय करणार आहात, सुरू करणार, पुढे ढकलणार, की सोडूनच देणार? रोजच्या इंग्रजीत पहिली गोष्ट ‘गोइंग टू’, ‘थिंकिंग ऑफ’ अशा रचना सांगतात आणि दुसरी फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘पुट ऑफ’सारख्या क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या जोड्या, सांगतात. दोन्ही एकत्र जमल्या की बोलणं पुस्तकी वाटत नाही.

खानदेशात ही गरज आता रोजची आहे. अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे जळगाव स्टेशनवर उतरतात, रावेर-यावलची केळी आखातात जातात, शिरपूर-अमळनेरची मुलं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना घरूनच ऑनलाइन मुलाखती देतात. या सगळ्या बोलण्यात निम्मी वाक्यं पुढच्या बेतांचीच असतात. म्हणून हा लेख यादी पाठ करायला लावत नाही. यादी पाठ करून फ्रेझल व्हर्ब येत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. ती स्वतःच्या बेतांवर बसवावी लागतात.

आणि ती अवघड वाटली तर खचू नका. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे की क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परकीयांना सर्वांत जास्त अडचणीची ठरते. तरी मराठी माणसाला ती अगदीच परकी नाही. ‘करून टाकतो’, ‘करून ठेवतो’, ‘करून देतो’, ‘करून बसतो’ ही चारही रूपं ‘करणे’चीच, पण प्रत्येकाचा हेतू वेगळा. इंग्रजी हेच काम अप, ऑफ, आउट, ऑन या छोट्या शब्दांकडून करून घेतं.

पायरी पहिली: बेत किती पक्का, ते आधी ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. इथे घाई करू नका.

मराठीत आपण हे न शिकताच करतो. ‘पुण्याला जायचा विचार आहे’, ‘पुण्याला जाणार आहे’, ‘एक तारखेला पुण्याला जातोय’, ‘जाईन पुण्याला’. चारही वाक्यांत पुणं तेच, पण पक्केपणा वेगळा. अहिराणीत ‘मी नासिकले जाई राह्यनू’ असं कुणी म्हणालं, तर तो आत्ता गाडीत बसलेला असेल किंवा त्याचं उद्याचं जाणं ठरलेलं असेल. इंग्रजीतही चालू वर्तमानकाळ असाच उद्यासाठी वापरतात.

आता एकच बेत घेऊ: गाव सोडून पुण्यात नोकरी धरायची.

मनात नुसता विचार घोळतोय, घरी अजून बोललेला नाहीत: ‘आय ॲम थिंकिंग ऑफ टेकिंग अप अ जॉब इन पुणे.’ ‘टेक अप’ म्हणजे काम, छंद, जबाबदारी हाती घेणं.

विचार पुढे सरकलाय, चौकशी चालू आहे: ‘आय ॲम प्लॅनिंग टू टेक अप अ जॉब इन पुणे.’

निर्णय झाला, कुणी विचारलं तर ठामपणे सांगाल: ‘आय ॲम गोइंग टू टेक अप अ जॉब इन पुणे.’ मराठीतल्या ‘-णार आहे’ला हे जवळजवळ तंतोतंत बसतं. म्हणून मनात ‘जाणार आहे, घेणार आहे, सोडणार आहे’ आलं की जिभेवर ‘गोइंग टू’ येऊ द्या, ‘विल’ नको.

तारीख ठरली, खोलीच्या मालकाला कळवून झालं: ‘आय ॲम मूव्हिंग आउट ऑन द फर्स्ट.’ म्हणजे एक तारखेला खोली सोडतोय. इथे वेळ किंवा तारीख सांगा, किंवा ती आधी बोलण्यात आलेली असू द्या. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की सामान आत्ताच बाहेर निघालंय.

मग ‘विल’ कुठे? बोलता बोलता तिथल्या तिथे ठरवलं, मदत देऊ केली किंवा शब्द दिला, तिथे. समोरचा म्हणाला, ‘मला स्टेशनवरून यायला गाडी नाही’, आणि तुम्ही लगेच म्हणालात, ‘आय विल पिक यू अप.’ इथे ‘आय ॲम गोइंग टू पिक यू अप’ म्हटलं तर ते आधीपासूनच ठरवून ठेवल्यासारखं वाटतं.

हा फरक एकाच प्रसंगात पाहायचा असेल तर नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर उभे राहा. लाल मिरची उन्हात पसरलेली आहे आणि पश्चिमेकडून आभाळ भरून आलंय. आभाळाकडे बघून म्हणाल, ‘इट इज गोइंग टू रेन.’ खूण समोर दिसतेय, म्हणून ‘गोइंग टू’. मजूर विचारतो, आता काय करायचं? तुम्ही म्हणता, ‘वी विल कव्हर देम अप.’ हे त्याच क्षणी ठरलं, म्हणून ‘विल’. आणि ताडपत्र्या सकाळीच आणून ठेवल्या असतील, झाकायचं आधीच ठरलं असेल, तर ‘वी आर गोइंग टू कव्हर देम अप.’ क्रियापद तेच, मिरची तीच. बदलला तो फक्त निर्णयाचा क्षण.

हेतूच्या आणखी तीन छटा रोज लागतात. ‘येणार होतो, पण जमलं नाही’: ‘आय वॉज गोइंग टू ड्रॉप बाय, बट आय गॉट स्टक ॲट वर्क.’ ‘ड्रॉप बाय’ म्हणजे सहज डोकावून जाणं. ‘फोन लावणारच होतो’: ‘आय वॉज जस्ट अबाउट टू कॉल यू बॅक.’ आणि ‘केव्हापासून म्हणतोय यावं यावं’: ‘आय हॅव बीन मीनिंग टू ड्रॉप बाय.’ बऱ्याच दिवसांनी बोलताना या शेवटच्या वाक्याने संबंध सांभाळला जातो. ते नक्की शिकून ठेवा.

पायरी दुसरी: बेताच्या कोणत्या टप्प्यावर आहात?

बहुतेक पुस्तकं फ्रेझल व्हर्ब अकारविल्हे देतात. माझा सल्ला वेगळा आहे. बेत सुरू होतो, त्याची तयारी होते, तो पुढेमागे सरकतो, आणि शेवटी तडीस जातो किंवा मोडतो. या टप्प्यांनुसार शिका.

सुरुवातीला लागतात ‘सेट ऑफ’, प्रवासाला निघणं. ‘सेट अप’, दुकान किंवा धंदा उभा करणं. ‘साइन अप फॉर’, क्लासला किंवा प्रशिक्षणाला नाव नोंदवणं. ‘आय ॲम गोइंग टू सेट अप अ स्मॉल प्रोसेसिंग युनिट’, म्हणजे छोटा प्रक्रिया उद्योग टाकणार आहे. ‘वी आर सेटिंग ऑफ ॲट फाइव्ह’, पहाटे पाचला निघतोय.

तयारीसाठी ‘सेव्ह अप फॉर’, एखाद्या गोष्टीसाठी पैसे साठवणं. ‘स्टॉक अप ऑन’, साठा करून ठेवणं. ‘सॉर्ट आउट’, गुंता सोडवणं, मार्गी लावणं. ‘लुक इनटू’, चौकशी करणं. ‘वी आर गोइंग टू स्टॉक अप ऑन फर्टिलायझर बिफोर द रेन्स.’ पावसाआधी खत भरून ठेवणार आहोत. ‘लुक इनटू’कडे विशेष लक्ष द्या. आपण मराठीत ‘बघतो’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘आय विल सी’ म्हणून मोकळे होतो. ऐकणाऱ्याला त्यात टाळाटाळ ऐकू येऊ शकते. ‘आय विल लुक इनटू इट अँड गेट बॅक टू यू’ म्हटलं तर चौकशी करून तुम्ही परत कळवणार आहात, हे स्वच्छ कळतं.

आता पुढेमागे सरकवण्याचा टप्पा. खरी गल्लत इथे होते. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. दोन्हीकडे ‘ऑफ’ असल्यामुळे अदलाबदल होते, आणि ती महागात पडते. ‘दे आर गोइंग टू पुट ऑफ द वेडिंग’, म्हणजे लग्नाची तारीख पुढे जाणार. ‘दे आर गोइंग टू कॉल ऑफ द वेडिंग’, म्हणजे लग्नच होणार नाही. ‘होल्ड ऑफ’ म्हणजे थोडं थांबणं: ‘इफ इट रेन्स, वी विल होल्ड ऑफ टिल फ्रायडे.’ ‘पुश बॅक’ म्हणजेही पुढे ढकलणंच. ‘बॅक’ ऐकून तारीख अलीकडे आणली असं समजू नका.

अलीकडे आणण्यासाठी आपण ‘प्रीपोन’ म्हणतो. भारतात तो शब्द सगळ्यांना कळतो, वापरायला हरकत नाही. पण परदेशी माणूस गोंधळू शकतो. त्याच्याशी बोलताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा: ‘कॅन वी ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड टू ट्यूजडे?’

शेवटच्या टप्प्यात ‘गो अहेड विथ’, ठरल्याप्रमाणे पुढे जाणं; ‘बॅक आउट ऑफ’, ऐनवेळी माघार घेणं; ‘गिव्ह अप’, सोडून देणं; ‘पे ऑफ’, कर्ज पूर्ण फेडणं. ‘वी आर गोइंग टू पे ऑफ द क्रॉप लोन बाय मार्च.’ पीककर्ज मार्चपर्यंत फेडून टाकणार आहोत. आणि ‘गेट इट ओव्हर विथ’, म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाकणं: ‘आय ॲम गोइंग टू गो टू द डेंटिस्ट टुमॉरो अँड गेट इट ओव्हर विथ.’

मुलाखतीला बसणाऱ्या मुलामुलींसाठी एक सूचना. ‘आय ॲम गोइंग टू पास आउट नेक्स्ट इयर’ हे आपल्याकडे पदवी मिळण्याच्या अर्थाने सर्रास चालतं. बाहेरच्या देशांत ‘पास आउट’चा रोजचा अर्थ शुद्ध हरपून पडणं असा आहे. ‘आय ॲम ग्रॅज्युएटिंग नेक्स्ट इयर’ म्हणा.

बँकेला किंवा विद्यापीठाला अर्ज लिहिताना मात्र ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’, ‘कमेन्स’ हेच शोभतात. फ्रेझल व्हर्ब बोलण्याची, मेसेजची आणि ओळखीतल्या ईमेलची भाषा आहे.

पायरी तिसरी: ‘इट’ कुठे ठेवायचं

काही फ्रेझल व्हर्ब तुटतात, काही तुटत नाहीत. तुटणाऱ्यांत पूर्ण नाम मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं: ‘पुट ऑफ द मीटिंग’, ‘पुट द मीटिंग ऑफ’. पण ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ असा छोटा शब्द आला की तो मध्येच बसतो. ‘आय ॲम गोइंग टू पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. तसंच ‘कॉल इट ऑफ’, ‘पिक हर अप’, ‘पे इट ऑफ’, ‘सॉर्ट इट आउट’, ‘सेट इट अप’.

न तुटणाऱ्यांत तो शब्द शेवटीच राहतो: ‘लुक इनटू इट’, ‘गो अहेड विथ इट’, ‘साइन अप फॉर इट’, ‘बॅक आउट ऑफ इट’. क्रियापदापुढे दोन छोटे शब्द असतील तर ते सहसा तुटत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं. बाकीची प्रत्येक जोडी ‘इट’सकटच पाठ करा. ‘पुट ऑफ’ असं नव्हे, ‘पुट इट ऑफ’ असं. वहीत लिहितानाही ‘इट’ घालूनच लिहा. मग नियम आठवायची वेळ येत नाही.

पायरी चौथी: पुढे दुसरं क्रियापद आलं तर ‘-इंग’

‘आय ॲम नॉट गोइंग टू पुट ऑफ सीइंग द डॉक्टर एनी लाँगर.’ डॉक्टरकडे जाणं आता लांबवणार नाही. ‘पुट ऑफ टू सी’ होत नाही. ‘थिंकिंग ऑफ सेटिंग अप’, ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘प्लॅन ऑन स्टेइंग’ हे सगळे याच वाटेने जातात.

‘लुक फॉरवर्ड टू’ चांगल्या चांगल्यांना फसवतं, कारण त्यातला ‘टू’ पाहून ‘मीट’ तोंडात येतं. हा ‘टू’ त्या जोडीचाच भाग आहे, म्हणून ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. उलट ‘गोइंग टू’, ‘प्लॅनिंग टू’, ‘अबाउट टू’ यांच्यापुढे साधं क्रियापदच येतं. ओळखायची युक्ती सोपी आहे, फक्त ‘गोइंग टू’ला ती लावू नका. ‘टू’नंतर एखादं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू आखाजी’ (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया) छान बसतं, म्हणजे क्रियापदाला ‘-इंग’ लागणार. ‘प्लॅनिंग टू आखाजी’ बसत नाही, म्हणजे साधं क्रियापद.

पायरी पाचवी: ‘व्हेन’ आणि ‘इफ’नंतर लगेच ‘विल’ नको

आपण म्हणतो, ‘मी परत येईन तेव्हा फोन करीन.’ दोन्हीकडे भविष्यकाळ. तोच इंग्रजीत उतरवला की होतं ‘व्हेन आय विल गेट बॅक, आय विल कॉल यू’, आणि ते चूक आहे. ‘व्हेन आय गेट बॅक, आय विल कॉल यू.’ ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अनटिल’, ‘ॲज सून ॲज’ यांच्यानंतरही तसंच. ही चूक अंगात फार खोल मुरलेली असते, त्यामुळे कळूनही होत राहते. उपाय म्हणून मराठीतलं वाक्यच आधी बदला: ‘परत आल्यावर फोन करीन.’ ‘आल्यावर’मध्ये भविष्यकाळ नाहीच, त्यामुळे तो इंग्रजीतही घुसत नाही.

आता सगळं एकत्र: जळगाव स्टेशनवरचा संवाद

रविवारची संध्याकाळ. एक परदेशी जोडपं गाडीतून उतरलंय आणि टॅक्सीवाल्या दादांशी बोलतंय.

‘वी आर प्लॅनिंग टू सेट ऑफ फॉर अजंठा टुमॉरो मॉर्निंग.’
‘टुमॉरो इज मंडे, मॅडम. द केव्हज आर क्लोज्ड ऑन मंडेज. यू विल हॅव टू पुट इट ऑफ टिल ट्यूजडे.’
‘ओह. वी वेअर गोइंग टू चेक आउट ऑन ट्यूजडे.’
‘नो प्रॉब्लेम. चेक आउट फर्स्ट अँड ब्रिंग युवर बॅग्ज अलाँग. आय विल पिक यू अप ॲट सेव्हन.’
‘अँड यू विल टेक अस राइट अप टू द केव्हज?’
‘आय विल ड्रॉप यू ऑफ ॲट फर्दापूर. यू गेट ऑन द शटल बस देअर. व्हेन यू गेट बॅक, आय विल बी वेटिंग.’
‘ग्रेट. वी आर रिअली लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग द पेंटिंग्ज.’

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि खाजगी गाड्या लेण्यांपर्यंत जात नाहीत, फर्दापूर फाट्यावरून शटल बस घ्यावी लागते. या दोन गोष्टी माहीत नसलेला पाहुणा एक अख्खा दिवस गमावतो. म्हणून दादांचं ‘पुट इट ऑफ टिल ट्यूजडे’ हे साधं वाक्य मोलाचं आहे. ‘प्लॅनिंग टू’ऐवजी जोडपं ‘वी वेअर गोइंग टू’वर आलं, तेव्हा मूळ बेत अडचणीत आल्याचं ऐकूनच कळतं. दादांनी मात्र मदत देऊ करताना प्रत्येक वेळी ‘विल’ वापरलं, कारण ते तिथल्या तिथे ठरवत होते. आणि ‘व्हेन यू गेट बॅक’मध्ये ‘विल’ नाही.

केळीच्या व्यवहारातलं बोलणं याहून तुटक असतं. ‘वी आर कटिंग ऑन थर्सडे’, कापणी गुरुवारी ठरली. ‘द ट्रक इज गोइंग टू टर्न अप बाय टेन’, गाडी दहापर्यंत येऊन लागेल. ‘इफ द बायर बॅक्स आउट, वी विल हॅव टू कॉल इट ऑफ.’ घड झाडावरून उतरला की माल थांबत नाही. त्यामुळे इथे ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांत गोंधळ झाला तर नुकसान थेट शेतकऱ्याचं होतं.

नकार देतानाही मराठीची सवय कामी येते. ‘मला नाही वाटत जमेल’ असं आपण म्हणतोच, इंग्रजीतही ‘नाही’ सुरुवातीलाच येतं: ‘आय डोन्ट थिंक आय विल गो अहेड विथ इट.’ ‘आय थिंक आय विल नॉट’पेक्षा हे मऊ लागतं. आणि हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला कुणाला बोलवायचं असेल तर ‘वी आर हॅविंग अ भरीत पार्टी ॲट द फार्म ऑन संडे. कम ओव्हर, अँड ब्रिंग युवर फ्रेंड्स अलाँग.’ भरीत आणि कळण्याच्या भाकरीला इंग्रजी नाव शोधू नका, खाल्ल्यावर कळेलच.

उच्चाराबद्दल थोडं

‘पुट इट ऑफ’, ‘पिक यू अप’, ‘कॉल इट ऑफ’ बोलताना जोर शेवटच्या छोट्या शब्दावर द्या. आपण ‘पुट’वर जोर देतो आणि ‘ऑफ’ गिळतो, मग अर्थच हरवतो. शब्द जोडून म्हणा: ‘पुटिटॉफ’, ‘पिक्यूअप’. ‘आय विल’ बोलताना ‘आयल’ होतं. ‘गोइंग टू’चं ‘गोना’ ऐकून समजलं पाहिजे, पण बोलायलाच हवं असं नाही. बोललात तर ते क्रियापदाआधीच येतं, गावाच्या नावाआधी नाही. ‘आय ॲम गोना पुणे’ होत नाही.

सराव कसा करायचा

रविवारी रात्री पुढच्या आठवड्यातली पाच खरी कामं लिहा. वीजबिल, क्लासची फी, मामांकडची पूजा, दाताचा डॉक्टर, काहीही. खोटी वाक्यं नकोत, ती लक्षात राहत नाहीत. प्रत्येक कामासमोर आधी मराठीत लिहा: विचार आहे, करणार आहे, की ठरलंय. मग त्या पक्केपणाची इंग्रजी रचना घ्या आणि टप्प्याला शोभेल असं एक फ्रेझल व्हर्ब ‘इट’सकट बसवा. पाचही वाक्यं मोबाइलवर मोठ्याने रेकॉर्ड करा.

पुढच्या रविवारी तेच रेकॉर्डिंग ऐका आणि प्रत्येक बेताचं काय झालं ते सांगा: ‘आय वेंट अहेड विथ इट’, ‘आय पुट इट ऑफ’, ‘आय हॅड टू कॉल इट ऑफ’, किंवा राहूनच गेलं असेल तर ‘आय नेव्हर गॉट राउंड टू इट’. जे राहिलं ते नव्या आठवड्याच्या यादीत पहिलं लिहा. त्याच्यासमोर या वेळी ‘थिंकिंग ऑफ’ नको, ‘गोइंग टू’ लिहा आणि वारही घाला.